पोरीचं धावणं बंद करू नका

प्रश्न : डॉक्टरबाई, नमस्कार. माझी मुलगी नववीत आहे. ८०० मीटरमध्ये तालुक्यातून पहिली आली. पण दिवाळीनंतर थंडी पडली की सरावावरून आल्यावर तिला खोकल्याची उबळ येते, छाती आवळल्यासारखी वाटते म्हणते. धावताना काहीच होत नाही, थांबल्यावर दहा मिनिटांनी सुरू होते. लहानपणी बाळदमा होता, पाचवीत गेल्यावर गेला असं आम्ही धरून चाललो. एका डॉक्टरांनी निळा पंप दिला. सासूबाई म्हणतात पंपाची जन्माची सवय लागते, उद्या पोरीच्या लग्नाला अडचण. शेजारचे म्हणतात धावणं सोडा. यंदा भावासाठी कापूस थांबवून ठेवला आहे, तो आम्ही झोपतो त्याच खोलीत आहे. त्याचा काही संबंध असेल का? पोरीला पोलीस भरतीत जायचं आहे.
– एक आई, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, धावणं बंद करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्ही एक गोष्ट फार नेमकी लिहिली आहे : धावताना काही नाही, थांबल्यावर दहा मिनिटांनी खोकला. डॉक्टरला हीच माहिती हवी असते आणि हीच बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. स्वस्थ असताना आपण नाकानं श्वास घेतो, हवा तिथंच गरम आणि ओलसर होते. जोरात धावणारं मूल तोंडानं श्वास घेतं आणि गार, कोरडी हवा थेट श्वासनळ्यांत उतरते. नळ्यांच्या अस्तरावरचा ओलावा उडतो, उरलेल्यात क्षार दाटतात, आणि दम्याची प्रवृत्ती असलेल्या मुलांमध्ये तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात. मग नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. धावणं थांबल्यावर ५ ते १५ मिनिटांत हे सगळ्यात जास्त होतं आणि बहुधा तासाभरात ओसरतं. तुमच्या मुलीचा बाळदमा गेला नव्हता, दबून होता, असं मला वाटतं.

पण वाटण्यावर औषध देऊ नये. पीक फ्लो मीटर नावाची एक नळी असते. मूल त्यात जोरात फुंकतं आणि काटा सरकतो. आधी फुंकायचं, मग ६ ते ८ मिनिटं दम लागेल असं धावायचं, मग दर पाच मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. आकडा १५ टक्क्यांहून जास्त पडला तर दम्याचा पुरावा मिळाला. मागच्या हिवाळ्यात एका शाळेच्या मैदानावर अशाच एका मुलीनं धावण्याआधी ३०० फुंकले. धावून आली तेव्हा हसत होती. पाचव्या मिनिटाला २७०, दहाव्या मिनिटाला २३०. खोकला त्यानंतर सुरू झाला. तिचे वडील बाजूला उभे होते, काट्याकडे पाहतच राहिले. पोरगी सरावाला कंटाळून नाटक करते, अशी तोवर त्यांची समजूत होती. मोठ्या दवाखान्यात हीच तपासणी स्पायरोमेट्रीनं आणखी नीट होते.

त्याच फेरीत तिचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घ्याच. आपल्या विदर्भात हे दोन्ही न पाहता धाप लागणाऱ्या मुलीला दम्याचं औषध देणं मला पटत नाही. रक्त कमी असलेली मुलगी धावता धावताच थकते, खोकत नाही. सिकलसेल असेल तर सरावाचे, पाणी पिण्याचे नियमच वेगळे होतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला सतत असेल तर क्षयासाठी बेडका तपासा. आणि ऐन धावण्यात, श्वास आत घेताना गळ्यातून आवाज येत असेल आणि थांबल्यावर दोन-चार मिनिटांत सगळं ठीक होत असेल, तर तो त्रास स्वरयंत्राचा असतो. वयात येणाऱ्या मुलींमध्ये तो बराच दिसतो. त्याला पंप लागू पडत नाही, श्वासाचे व्यायाम लागतात.

आता आजींची भीती. ती मी रोज ऐकते आणि ती हसण्यावारी न्यायची नाही, कारण नातीच्या काळजीतून ती येते. त्यांना एवढा हिशेब सांगा. निळ्या पंपातल्या सालब्युटामॉल या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची मिळते. पंपाच्या दोन फवाऱ्यांत तेच औषध ०.२ मिलिग्रॅम असतं, म्हणजे विसावा हिस्सा, कारण ते थेट नळ्यांत पोचतं. गोळी सगळ्या अंगात फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. सवय कशाचीच लागत नाही. कोजागिरीच्या खिरीतलं औषध, मृगाला हैदराबादचा मासा, नाव नसलेल्या पुड्या, या वाटेनं जाऊन दम कोंडलेल्या अवस्थेत आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आयांची तोंडं विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत.

पण निळ्या पंपावरच भागवू नका, हे तितकंच महत्त्वाचं. तो आवळलेले स्नायू सैल करतो, आतली सूज तशीच राहते. रोज घेतला तर त्याचा जोरही कमी होत जातो. दम्याच्या उपचाराची जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक सूचना ‘जीना’ २०१९ पासून स्पष्ट सांगते की मोठ्यांना आणि बारा वर्षांवरच्या मुलांना एकटा निळा पंप देऊ नये, सोबत श्वासातून घ्यायचं सौम्य स्टेरॉइड हवंच. सूज उतरवणारं औषध ते. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. तुमच्या मुलीनं आठ दिवसांत सोडलं तर ‘काही फरक नाही’ असंच वाटेल. घेतल्यावर चूळ भरायची. कोणतं आणि किती, ते तिला तपासणारे डॉक्टर ठरवतील. धावण्याआधी पंप लिहून दिला असेल तर १०-१५ मिनिटं आधी.

पंप स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून घ्यावा, नाहीतर निम्मं औषध घशाला चिकटतं. स्पेसर परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या. बुडाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक तापलेल्या तारेनं पाडा, पंप त्यात घट्ट बसला पाहिजे, फट राहिली तर चिकटपट्टी लावा. बाटलीचं तोंड मुलीच्या ओठांत, एक फवारा, सावकाश पाच-सहा श्वास, मग दुसरा फवारा. बाटली साबणाच्या पाण्यानं धुऊन न पुसता वाळवायची, पुसली की प्लास्टिकला औषध चिकटतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ साली मुलांवर तपासून दाखवलं की अशी बाटली दुकानातल्या स्पेसरइतकंच काम करते.

कापसाचा संबंध आहे. साठवलेल्या कापसाची धूळ, त्यातले बारीक किडे यांनी खाजही येते आणि नळ्याही चिडतात. भाव येईपर्यंत विकणार नाही हे मला समजतं, शेतकऱ्याच्या घरात दुसरा आधार काय असतो. पण पोरीला दुसऱ्या खोलीत झोपवा, दार बंद ठेवा. मळणीचा हडंबा सुरू असताना आणि कुटार भरताना तिला तिथं पाठवू नका. चुलीत पऱ्हाटी जळते तेव्हा तिचा अभ्यास दुसरीकडे. गॅस असेल तर निदान हिवाळ्यात पाणी तापवायलाही तोच वापरा.

सराव पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर नको. तेव्हा धूर आणि धूळ जमिनीलगत बसलेली असते. ऊन वर आल्यावर मैदानात, पहिली १० ते १५ मिनिटं हळू पळणं आणि मध्येमध्ये छोट्या वेगवान धावा. अशा तयारीनंतर पुढचा तास-दोन तास नळ्या कमी आवळतात, हे संशोधनातून पक्कं झालं आहे. गार हवेत नाकातोंडावर ओढणी.

एकदम धाप वाढली, सलग वाक्य बोलता येईना, गळ्याची खळगी आत ओढली जाऊ लागली, तर बसवा, स्पेसरमधून एकेक करून ४ फवारे द्या, आणि लगेच १०८ ला फोन करा; २० मिनिटांत फरक नाही तर पुन्हा ४ फवारे.

पोरीला एक सांगा. जॅकी जॉयनर-कर्सी या अमेरिकन खेळाडूला दमा होता आणि १९८८ मध्ये सेऊल ऑलिंपिकला तिनं हेप्टॅथलॉन या सात प्रकारांच्या स्पर्धेत ७,२९१ गुणांचा विश्वविक्रम केला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना असाच त्रास होता, आणि त्यांनी ४१ पदकं आणली. तपासून, औषध घेऊन ते धावले. महिला भरतीतही ८०० मीटरच असतात, आणि ते ती आताच धावते आहे.

प्रश्न : आमच्या शाळेचा एक मुलगा राज्यस्तरावर जातो आहे. त्याला दम्याची गोळी चालू आहे. पंप घेतला तर डोपिंगमध्ये अडकेल म्हणून पालक घाबरतात.
– क्रीडा शिक्षक, ता. उमरखेड

उत्तर : सर, उलट आहे. सालब्युटामॉलचा पंप चालतो, २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० च्या आत. म्हणजे आठ तासांत १०० चे सहा फवारे. त्याच औषधाची गोळी आणि सिरप मात्र बंदीच्या यादीत आहेत. खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटालिन असतं, तेही बंद, त्यामुळे मेडिकलमधून कोणी आणून दिलेली बाटली नकोच. स्टेरॉइडच्या गोळ्या स्पर्धेच्या काळात बंद, पंपातलं स्टेरॉइड ठरल्या मात्रेत चालतं. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डीमाँट या सोळा वर्षांच्या जलतरणपटूचं सुवर्णपदक दम्याच्या गोळीतल्या एफेड्रिनमुळे काढून घेतलं गेलं. त्यानं गोळीची माहिती आधी दिली होती, ती पुढे पोचलीच नाही.

मुलाला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या आणि गोळीच्या जागी पंप लिहून घ्या. मधल्या काळात गोळी मनानं तोडू नका. डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर घेऊन एक प्रत स्वतःजवळ ठेवा. गोळीशिवाय भागतच नसेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज नाडाकडे (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) स्पर्धेच्या बराच आधी करावा लागतो. आणि पंप मुलाच्या खिशात असू द्या. पिशवीत ठेवला तर ती गाडीत राहते.