उन्हात गाडी चालवल्यावर टायरची हवा वाढते, ती सोडून द्यावी का?

सोडू नका. कारण पुढे सांगतोच, पण आज-उद्या कुठे निघणार असाल तर आधी एवढं ध्यानात ठेवा.

तुम्ही लिहिलंय की सकाळी सोलापुरात ३२ पौंड हवा होती आणि टायरमधला दाब-तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर २७ अंश दिसत होते. इंदापूरला थांबलात तेव्हा ६० अंश आणि ३७ पौंड. तापमान दुपटीहून जास्त झालं तर दाब दुप्पट का नाही झाला, आणि वरचे पाच पौंड काढावेत का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. हा घोळ दरवर्षी वर्गात होतो, आणि तो होणं मला चांगलं वाटतं, कारण वायूचे नियम खरे तिथेच कळतात. सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठतं ती खूण. तिथे हवेची उष्णता संपलेली नसते. वायूचे रेणू किती जोरात धावतायत हे मोजायचं तर मोजणी उणे २७३ पासून सुरू करावी लागते, तिला केल्विन म्हणतात. म्हणजे तुमची हवा २७ वरून ६० वर गेली नाही, ३०० वरून ३३३ केल्विनवर गेली. वाढ फक्त ११ टक्के.

आता ३२ चे ११ टक्के काढाल तर साडेतीनच पौंड येतात, पाच नाही. इथे दुसरी मेख आहे. गेज पूर्ण दाब दाखवतच नाही, बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे तेवढंच दाखवतं. पंक्चर होऊन चपटा झालेल्या टायरवर गेज शून्य दाखवतं, तरी आत वातावरणाचा दाब असतोच. समुद्रकाठी तो १४.७ पौंड असतो, आपण साडेचारशे मीटर उंचीवर, म्हणून इथे साधारण १४. तेव्हा खरा दाब ३२ अधिक १४, म्हणजे ४६. त्याचे ११ टक्के पाच. तुमचा सेन्सर अगदी बरोबर आहे! टायर फारसा फुगत नाही, आकारमान जवळपास तेवढंच राहतं, म्हणून सगळी वाढ दाबातच दिसते.

आता हे पाच पौंड सोडलेत तर काय होईल? दुसऱ्या दिवशी पहाटे टायर गार झाला की गेजवर ३२ नाही, साडेसत्तावीसच्या आसपास भरेल. मी स्वतः हे केलंय. एका मे महिन्यात पुण्याला जाताना टेंभुर्णीजवळ पंपावरच्या मुलाने ‘उन्हाळ्यात कमीच ठेवा’ म्हणत पिन दाबली आणि मी बघत राहिलो. नंतर कित्येक आठवडे मोजलंच नाही. पुढच्या दोन्ही टायरच्या कडा झिजल्या तेव्हा कळलं. झीज परवडली, पण हवा कमी असलेला टायर जमिनीवर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्याला त्याची बाजू वाकते आणि सरळ होते, आणि त्या वाकण्यानेच रबर आतून तापतं. भर दुपारी हायवेवर टायर फुटतात त्यात असे कमी हवेचे टायर पुष्कळ असतात. ‘कमी हवा म्हणजे सुरक्षित’ हा समज मला खरोखर घातक वाटतो.

कंपनी जो आकडा देते तो गार टायरचा असतो, तापल्यावरची वाढ त्यात धरलेली असते. तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला सापडेल. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा भरू नका, ती कमाल मर्यादा आहे.

नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही, असंही तुम्हाला कुणी सांगितलंय. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. तोही याच नियमाने वाढतो.

घरातले दाखले मागितलेत म्हणून दोन देतो. सुई नसलेल्या सिरिंजचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या हळू दाबा. आकारमान निम्मं झालं की दाब दुप्पट, हे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली मांडलं. भाकरीचा दाखला मात्र फसवा आहे. तव्यावर ती टम्म फुगते ती तापलेल्या हवेने, असं मुलं लिहितात. ३० वरून १०० अंशांवर गेलेली हवा फार तर पावपट वाढेल. फुगवते ती वाफ, पिठातल्या पाण्याची. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. गॅसच्या टाकीतही असाच द्रवाचा वायू होत असतो. आत द्रव आहे तोवर दाब तापमानावर ठरतो, किती गॅस उरलाय यावर नाही. म्हणून टाकी संपत आली तरी शेगडी शेवटपर्यंत नीट पेटते.

उद्या सकाळी गाडी हलवण्याआधी चारही टायर मोजा, तुळजापूरला जाऊन आलात की लगेच परत मोजा. दोन्ही आकडे तापमानासह इथे लिहा, गणित जुळतं का ते मी बघतो.