सोसायटी अविवाहित भाडेकरूंकडे रात्री कोणी येऊ नये असा नियम करू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात तिघी मैत्रिणी भाड्याने राहता. सोसायटीने नोटीस लावली आहे की अविवाहित भाडेकरूंकडे रात्री दहानंतर पाहुणा थांबायचा नाही, पुरुष पाहुणा तर अजिबात नाही, आणि नियम मोडला की दंड. घरमालक म्हणतात, जरा ॲडजस्ट करा. हे कायद्यात बसतं का?

बसत नाही. कलमं खाली सांगते. पण तुमच्या नोटिशीत एक ओळ आहे, ‘पाहुणा आल्यास लेखी स्पष्टीकरण द्यावे’. ती वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

२०१० साली मी सव्वीस वर्षांची होते. सिंहगड रस्त्याच्या एका गल्लीत चार मजली सोसायटीत मी आणि एक मैत्रीण वन बीएचके घेऊन राहत होतो. १३ फेब्रुवारीला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला. सगळं शहर हादरलं होतं. पंधरा दिवसांत आमच्या गेटवर रजिस्टर आलं. मला ते आवडलं होतं, हे आधी सांगते. आम्ही दोघी घाबरलेल्या होतो. कोण येतं, कोण जातं याची नोंद राहील, बरंच आहे, असंच वाटलं.

लांबट जाड वही होती, पाठीला निळं कापड. रकाने फूटपट्टीने आखलेले: नाव, गाडी नंबर, कोणाकडे, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही. पेन सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेलं. पहिला महिनाभर सगळ्यांची नोंद झाली, अगदी चेअरमनच्या मेव्हण्याचीसुद्धा. मग हळूहळू मालकांचे पाहुणे हात हलवून आत जायला लागले. मे महिन्यात मी सहज पानं उलटली, तर ओळीने आमचा फ्लॅट आणि दुसऱ्या मजल्यावरच्या तीन इंजिनिअर मुलांचा फ्लॅट, एवढंच. वॉचमन काकांना विचारलं तर ते बिचारे ओशाळले. म्हणाले, “ताई, साहेबांनी सांगितलंय, फक्त भाडेकरूंचं लिहायचं.” अतिरेकी फक्त भाडेकरूंकडेच येतो असा बहुधा त्यांचा हिशोब असावा, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं आणि गप्प बसले. ती माझी चूक झाली. तेव्हाच बोलायला हवं होतं.

ऑगस्टमध्ये अण्णा कराडहून आले. त्यांना डोळे दाखवायचे होते, दुसऱ्या दिवशीची अपॉइंटमेंट घेतलेली होती. मी ऑफिसात होते. गेटवर त्यांनी नाव लिहिलं, ‘कोणाकडे’ खाली आमचा फ्लॅट नंबर लिहिला आणि तिथेच सेक्रेटरींनी त्यांना गाठलं. “तुम्ही वडील का? बरं झालं भेटलात, जरा बसा.” जिन्याखाली मीटरच्या पेट्या होत्या, तिथेच एक टेबल टाकून सोसायटीचं ऑफिस केलेलं होतं. तिथे त्यांना बसवलं आणि रजिस्टर समोर ठेवलं.

मी सात वाजता पोचले. अण्णा अजून तिथेच होते. चपला पायात, पिशवी मांडीवर. सेक्रेटरींनी मलाही आत बोलावलं आणि वही फिरवून माझ्याकडे केली. एका ओळीखाली लाल शाईने, फूटपट्टी लावून, दोन रेघा मारलेल्या होत्या. एका पुरुषाचं नाव, आमचा फ्लॅट, येण्याची वेळ रात्री ११.४०, जाण्याची वेळ सकाळी ६.१०. बाजूच्या समासात त्याच लाल शाईत एकच शब्द होता: ‘स्पष्टीकरण?’

ते प्रश्नचिन्ह मला आजही दिसतं. वळणदार होतं, सावकाश काढलेलं.

अण्णा रागावले नव्हते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “सांग ना बाळा, कोण होता तो?” त्यांच्या आवाजात आर्जव होतं. त्यांना माझ्याकडून एक वाक्य हवं होतं, ज्याच्या आधारावर त्यांना त्या माणसासमोर ताठ उठून उभं राहता आलं असतं.

ते वाक्य माझ्याकडे होतं का? हे मी सोळा वर्षांत कोणालाही सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. तो कोण होता, का आला होता, रात्रभर काय चाललं होतं, यातलं काहीही. मी एवढंच म्हणाले, “माझ्याकडे आला होता. सकाळी गेला. घर माझ्या नावावर भाड्याने आहे आणि भाडं वेळेवर जातं.” सेक्रेटरी अण्णांकडे बघून म्हणाले, “बघा, हे असं आहे.” अण्णा उठले आणि स्वारगेटला गेले. डोळे न दाखवता रात्रीच्या गाडीने कराड. पुढचे सात महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. आई फोन करायची, तेही ते बाहेर गेले की.

महिनाअखेरीस घरमालकाने मला घर सोडायला सांगितलं. डिपॉझिट तीस हजार होतं. त्यातले आठ हजार रंगकामाचे म्हणून कापले. रंग आम्ही आलो तेव्हाच उडालेला होता.

माझ्या मैत्रिणीने वेगळा रस्ता धरला. ती म्हणाली, लिहून दे, आपलं काय जातं? तिने लिहून दिलं: ‘सदर व्यक्ती माझ्याकडे आलेली नव्हती, यापुढे असा प्रकार घडणार नाही.’ तिला राहू दिलं. दिवाळीच्या सुमारास तिला रात्री दहाच्या आत यायला सांगितलं गेलं, कारण गेट बंद होतं. गेट मालकांच्या मुलांसाठी साडेबारालाही उघडायचं. मग कपडे पुढच्या गॅलरीत वाळत घालू नका, बरं दिसत नाही. जानेवारीत तिच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांची यादी मागितली, नावं आणि नातं. तिने तीही दिली. मार्चमध्ये तिचा सख्खा मामेभाऊ आला, तर त्याला गेटवर अडवून विचारलं, यादीत नाव आहे का? त्या दिवशी तीही बाहेर पडली. आम्ही दोघी अजून मैत्रिणी आहोत आणि ती अजून म्हणते की मी उगाच ताणलं. मी तिला तो मामेभाऊ आठवून देते.

आता कायदा. सोसायटीचे नातं सभासदाशी असतं, म्हणजे तुमच्या घरमालकाशी. तुम्ही सभासद नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि त्याखालच्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली) फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. मालकाने लेखी कळवायचं, नोंदणीकृत ॲग्रीमेंटची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी मालकाकडून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस घेऊ शकते. तेही २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. भाडेकरूचं लग्न झालंय की नाही, हा शब्द आदर्श उपविधींत कुठेही नाही.

“पण एजीएममध्ये बहुमताने ठराव केलाय,” असं ते म्हणतील. सगळेच म्हणतात. सर्वसाधारण सभेचा ठराव कायद्याच्या आणि नोंदलेल्या उपविधींच्या वर जात नाही. नवा नियम उपविधीत घालायचा तर दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे पाठवून कलम १३ खाली नोंदवावी लागते. तोवर बहुमत त्या कागदापुरतंच. दोन सज्ञान माणसांनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खाजगीपणा हा अनुच्छेद २१ मधला मूलभूत हक्क आहे, असं एकमताने सांगितलं. तुमच्या घरात सकाळी ६.१० पर्यंत कोण होतं, याची नोंद लाल शाईत मिरवण्याचा हक्क कोणालाही नाही.

अण्णा आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत, माझ्याकडेच असतात. डोळ्यांचं ऑपरेशन नंतर झालं, मीच करवून घेतलं. बोलणं सुरू होऊनही खूप वर्षं झाली. पण तो विषय निघाला की त्यांचं एकच: “एका वाक्यात मिटलं असतं. तुझ्या हट्टापायी मला त्या माणसासमोर मान खाली घालावी लागली.” गेल्या गणपतीत सगळ्या भावंडांसमोर पुन्हा म्हणाले. मी तेव्हा ताटं वाढत होते, बोलले नाही. इथे बोलते.

अण्णा, धरा की माझ्याकडे चांगलं कारण होतं. कोणी आजारी होतं, किंवा ऑफिसचं काम अर्धवट राहिलं होतं, किंवा आलेला मुलगा नात्यातला होता. मी ते सांगितलं असतं, सेक्रेटरींनी मान डोलावली असती, तुमची मान वर राहिली असती. आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणा मुलीच्या ओळीखाली लाल रेघ आली असती, जिच्याकडे तुम्हाला पटेल असं कारण नव्हतं. तिला तिचा मित्र आवडत होता, एवढंच कारण होतं. त्या मुलीला ते म्हणाले असते, अकरा नंबरच्या मुलीने कसं सरळ सांगून टाकलं, तुलाच काय अडचण आहे? माझं चांगलं कारण तिच्याविरुद्ध पुरावा झालं असतं. शिवाय एकदा स्पष्टीकरण दिलं की ते मागायचा हक्क आपणच मान्य केलेला असतो. कारण पटलं की नाही हे ठरवणं मग त्यांच्या हातात जातं. मैत्रिणीचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. मान खाली घालायला तुम्हाला त्या वहीने लावलं, मी नाही. तुम्ही तिथे बसून ती वही वाचायला नको होती. ‘माझी मुलगी आहे, तिचं ती बघेल’ हेही एकच वाक्य होतं, आणि ते तुमच्याकडे होतं.

असो. परत तुमच्याकडे येते. काही गोष्टी तुमच्या सोयीच्या नाहीत, पण सांगायला हव्यात.

खाजगीपणाचा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. सोसायटी म्हणजे सरकार नाही, त्यामुळे तो निकाल तोंडावर फेकून नोटीस आपोआप निघणार नाही. गेटवर सगळ्यांसाठी सारखं रजिस्टर किंवा हल्लीचं ॲप असेल तर ती सुरक्षा आहे, त्यावर भांडू नका. फक्त तुमच्यासाठीच असेल तर भांडा. रात्री दहा ते सकाळी सहा मोठ्याने गाणी लावत असाल तर ध्वनिप्रदूषणाचे २००० चे नियम तुम्हालाही लागू आहेत, तिथे शेजाऱ्यांचं बरोबर आहे. आणि सदस्यत्व कोणाला द्यायचं यात सोसायट्यांना बरीच मोकळीक आहे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व समाजापुरतं ठेवण्याचा उपविधी ग्राह्य धरला. मला तो निकाल पटत नाही, पण तो आहे.

सगळ्यात कच्चा दुवा तुमचा घरमालक. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुमचे हात बांधलेले असतात. ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेल्या मुदतीची नोटीस देऊन तो घर रिकामं करायला सांगू शकतो, आणि सोसायटी त्याच्यावरच दबाव आणते. म्हणून आधी ॲग्रीमेंट वाचा, पाहुण्यांबद्दल काही कलम घुसडलंय का बघा, आणि दुसरी खोली शोधायला आत्तापासून लागा. मी हातात दुसरं घर नसताना भांडले आणि नऊ दिवस एका ओळखीच्या बाईंच्या हॉलमध्ये झोपले. परीक्षा तोंडावर असेल, नोकरी नवीन असेल, घरून पैसे येत असतील तर माझ्यासारखं करू नका. गप्प राहून खोली बदलली तरी कोणी तुम्हाला भित्रं म्हणणार नाही. फक्त लिहून काही देऊ नका.

दंडाचं विचारलंय. रोख एक रुपयाही देऊ नका. मागितला तर मालकाच्या नावाने, उपविधी क्रमांकासह लेखी मागणी करायला सांगा. बहुतेक वेळा विषय तिथेच थांबतो.

मालकाला विश्वासात घेता आलं तर त्याच्याच सहीने सेक्रेटरीला एक पत्र द्या, कारण सभासद तो आहे. पत्रात भांडण नको, वर्णन नको, तुमच्याकडे कोण आलं होतं याचा एक शब्दही नको. एवढंच: सदर नोटीस कोणत्या उपविधीखाली काढली आहे त्याचा क्रमांक व संबंधित सभेच्या इतिवृत्ताची प्रत द्यावी. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच पत्राची प्रत जोडून उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात अर्ज टाका. दोन प्रती काढा आणि सेक्रेटरीकडून दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. ते सही करायला नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून वाद घालत बसू नका, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.