श्रद्धांजली देतात की वाहतात?

एका वाचकाचा प्रश्न आहे. रॉक गिटारवादक ड्वेन ऑलमनवरच्या लेखात त्यांनी ‘चाहत्यांनी त्याला श्रद्धांजली दिली’ असं लिहिलं, संपादकांनी ‘वाहिली’ केलं. बरोबर कोणतं? आणि दिवंगताला ‘आदरांजली’ चालते का?

संपादक बरोबर आहेत. ‘श्रद्धांजली दिली’ ऐकलं की माझं डोकं उठतं. वाहिन्यांच्या पट्ट्यांवर, चौकातल्या फ्लेक्सवर हेच. ही हिंदीतल्या ‘श्रद्धांजलि दी’ची सहीसही नक्कल आहे. मराठीत श्रद्धांजली वाहतात किंवा अर्पण करतात.

श्रत् अधिक धा ही ‘श्रद्धा’ची फोड कुठल्याही कोशात मिळेल, ती सोडा. मौज आहे ती ‘अंजली’त. आपली ‘ओंजळ’ तिच्यापासूनच आली, आणि ओंजळीतली फुलं आपण देवाला वाहतो. पण या अंजलीची आणखी एक बहीण आहे, तिलांजली. तर्पणात पितरांसाठी तीळ घातलेलं पाणी उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडतात. तळहाताच्या त्या भागाचं नाव पितृतीर्थ. देवांसाठी सोडायचं पाणी मात्र बोटांच्या टोकांवरून, म्हणजे देवतीर्थावरून जातं. मेलेल्या माणसासाठी सोडायच्या या पाण्यावरूनच ‘तिलांजली देणे’ म्हणजे कायमचं सोडून देणे हा अर्थ रुळला. अभ्यासाला तिलांजली दिली, तत्त्वांना तिलांजली दिली. अंजली ‘दिली’ की मराठी कानाला काहीतरी सोडून दिल्यासारखं वाटतं. माझं ठाम मत आहे की श्रद्धांजलीने ‘देणे’ जवळ केलं नाही ते याचमुळे. ‘श्रद्धांजली दिली’ म्हणजे श्रद्धाच सोडून दिल्यासारखं ऐकू येतं! काही व्याकरणकार ‘ही निव्वळ रूढी’ म्हणून हात झटकतात. अहो, रूढी पडली का, तेच तर विचारलंय.

‘आदरांजली जिवंतांना, श्रद्धांजली मृतांना’ हा नियम काही लेखनमार्गदर्शक छातीठोकपणे सांगतात. त्याला वापराचा काडीचा आधार नाही. जयंतीला, पुण्यतिथीला आपण थोरांना आदरांजलीच वाहतो.

आता ड्वेन. 29 ऑक्टोबर 1971 रोजी जॉर्जियातल्या मेकन शहरात मोटारसायकलच्या अपघातात तो गेला, अवघ्या 24 व्या वर्षी. तिथल्या रोझ हिल दफनभूमीत त्याच्या थडग्यावर कुणी फुलं ठेवली, तर बेलाशक ‘श्रद्धांजली वाहिली’ लिहा. पण 1973 मध्ये मिसिसिपीतल्या विक्सबर्गजवळ, महामार्गालगतच्या मातीच्या उंच चढावर चाहत्यांनी ‘रिमेंबर ड्वेन ऑलमन’ अशी प्रचंड अक्षरं कोरली. तिथे कसली ओंजळ? ‘ड्वेनची आठवण मातीत कोरली’ म्हणा, क्रियापद आयतं मिळालंय. आणि तो कोरिसिडिन या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली अनामिकेत घालून तारांवरून सरकवायचा, तशीच बाटली बोटात घालून कुणी मैफलीत त्याची धून वाजवली, तर ती मानवंदना. ‘देणे’च हवं असेल तर ते इथे वापरा, मानवंदना देतातच.