वळताना मागून घुमणारा आवाज: डिफरन्शिअल बदलण्याआधी आत कुठलं तेल आहे ते विचारा

तुमच्या जुन्या फोर व्हील ड्राइव्ह होंडा सीआर-व्हीच्या मागून वळताना आवाज येतो आणि गॅरेजवाला मागचं डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, बदलायला सांगतोय, हे तुमचं वर्णन वाचलं आणि 2017 चा माझा पावसाळा आठवला. माझीही 2006 ची सीआर-व्ही, फोर व्हील ड्राइव्ह, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागच्या सीटखालून म्हैस हंबरल्यासारखा आवाज, अंगाला जाणवणारी थरथर, आणि गॅरेजवाल्याचा एकच धोशा: "मागचं डिफरन्शिअल गेलं, असेंब्ली बदला." त्या कामाचा ॲडव्हान्स बुधवारी द्यायचा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आज रात्रीच हे लिहायला बसलो.

आधी एक स्पष्ट करतो. मी मेकॅनिक नाही. चिपळूणला राहतो, महिन्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाटाने कराडला जातो, आणि हीच एक गाडी बरीच वर्षं सांभाळतो आहे. जे सांगतोय ते या जुन्या पिढीपुरतं. 2012 नंतरच्या नव्या पिढीत मागचा क्लच इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालतो, तिथलं निदान वेगळं.

आता मुद्दा. आपल्या गाडीचं मागचं डिफरन्शिअल बोलेरो किंवा ट्रकसारखं नुसत्या दातऱ्यांचं नाही. त्याच्या पुढच्या भागात दोन तेलाचे पंप आहेत आणि प्लेटांचा एक क्लच आहे. एक पंप प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे पुढून मागे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर, पुढच्या चाकांच्या वेगाने फिरतो. दुसरा मागच्या चाकांच्या वेगाने. दोन्ही वेग सारखे असतील तर एकाचं तेल दुसरा गिळतो आणि मागची चाकं नुसती सोबत धावतात. पुढची चाकं चिखलात घसरली की वेगात फरक पडतो, तेलाचा दाब वाढतो, प्लेटा आवळल्या जातात आणि मागे ताकद जाते. कडक वळणावरही पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, त्यामुळे प्लेटा थोड्या घासतातच. तेल ताजं असेल तर त्या गुपचूप सरकतात. तेल जुनं झालं की पकडतात-सोडतात, पकडतात-सोडतात, आणि तोच तो हंबरडा. म्हणजे बहुतेक वेळा हा आवाज तेल जुनं झाल्याचा असतो, डिफरन्शिअल मेल्याचा नसतो.

माझी चूक इथे झाली. गावातला मिस्त्री प्रामाणिक माणूस, जीप आणि ट्रकवर हात बसलेला. त्याने विचारलं, "डिफरन्शिअलचं ऑइल बदलू का?" मी म्हणालो बदल. त्याने त्याच्या सवयीने 90 नंबरचं गिअर ऑइल भरलं. या गाडीला होंडाचं ड्युअल पंप फ्लुइड लागतं, ते गिअर ऑइल नव्हे. हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे आणि मॅन्युअल माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात होतं. मी ते उघडलं नाही. मिस्त्रीला दोष देत नाही, तेल कुठलं हे सांगणं माझं काम होतं.

आवाज वाढला. मग मी मोठ्या शहरातल्या एका अधिकृत वर्कशॉपमध्ये गाडी नेली. नाव घेत नाही. चार महिन्यांत तीन फेऱ्या. पहिल्यांदा स्कॅनर लावला आणि "काही कोड नाही" म्हणून गाडी परत दिली. अहो, या पिढीची ही यंत्रणा पूर्ण यांत्रिक आहे, मागे सेन्सरच नाही, कोड येणार कुठून? दुसऱ्यांदा पुढचे दोन्ही एक्सल बदलले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तिसऱ्यांदा असेंब्लीचं लाखाच्या वरचं एस्टिमेट हातात दिलं. तीनही वेळा तपासणीचे पैसे घेतले आणि तीनही वेळा एका माणसानेसुद्धा विचारलं नाही की आत तेल कुठलं आहे. मी काउंटरवर स्वतः म्हणालो, निदान तेल तरी काढून बघा. उत्तर मिळालं, "ते शेड्यूलमध्ये नाही." हे वाक्य मला आजही झोंबतं. त्या चार महिन्यांत घाटातून ये-जा चालूच होती आणि प्लेटा जळत होत्या. शेवटी योग्य तेल मिळवून तीनदा भरलं-काढलं, आवाज निम्मा झाला, पण गेला नाही. मग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुनं डिफरन्शिअल आणून बसवलं. मजुरीसकट 32,000 रुपये गेले. पहिल्याच दिवशी लिटरभर योग्य तेल घातलं असतं तर ते वाचले असते.

म्हणून तुम्ही आधी खात्री करा. गाडी अर्धा तास चालवून गरम करा, मोकळ्या मैदानात काचा खाली घेऊन स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि अगदी हळू गोल फिरवा. मागून घुमणारा आवाज आणि थरथर आली तर तेलाकडे बोट जातं. पुढून कट-कट आली तर पुढच्या एक्सलचा बाहेरचा जॉइंट. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी गुणगुण हे हब बेअरिंगचं लक्षण, तिचा याच्याशी संबंध नाही.

टायरही बघा. तुम्ही मार्चमध्ये दोनच नवे टाकलेत असं लिहिलंय, ते मला खटकलं. नव्या टायरची नक्षी 8 मिलिमीटर आणि जुन्याची 3 राहिली असेल तर घेरात 31 मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे किलोमीटरमागे जुनं चाक सहा-सात फेरे जास्त घेतं, तेही सरळ रस्त्यावर. थोडा फरक ही यंत्रणा पोटात घेते, पण रोज कशाला सोसायला लावायचा? शिंप्याच्या टेपने चारही चाकांचा घेर मोजा. माझं मत ठाम आहे: या गाडीला टायर चारच्या चार एकदम बदलायचे, एकाच कंपनीचे, परवडत नसेल तर दोन महिने थांबायचं. काहींना हे टोकाचं वाटेल.

तेल बदलताना गाडी सपाट जागी हवी. आधी वरचा, भरायचा प्लग उघडा, खालचा नंतर. खालून तेल सोडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला की गाडी जागची हलत नाही. दोन्ही प्लगना चौकोनी खाच आहे, त्यात 3/8 चं रॅचेट थेट बसतं. पाना घसरवून खाच गोल करू देऊ नका. केसिंग ॲल्युमिनियमचं आहे, अंगचा जोर लावून आवळू नका, वॉशर नवे टाका. वरच्या भोकातून तेल बाहेर येईपर्यंत भरायचं, साधारण लिटरभर. मग मैदानात दहा-बारा वेळा इंग्रजी आठच्या आकारात हळू फिरवा, म्हणजे नवं तेल प्लेटांत शिरेल. आठवड्याने तेच पुन्हा केलंत तर उत्तम. रिकामा डबा फेकू नका, पुढच्या मिस्त्रीला दाखवायला ठेवा, आणि जॉबकार्डवर तेलाचं नाव लिहून घ्या.

ओघात दोन गोष्टी. बंद पडली तर पुढची चाकं उचलून ओढणाऱ्या क्रेनला हात लावू देऊ नका, सपाट ट्रकवरच न्या. दोनच चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर ही यंत्रणा खराब होऊ शकते. आणि फक्त पुढची चाकं जॅकवर उचलून गिअरमध्ये चालवून बघणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा, गाडी जॅकवरून उडी घेऊ शकते.

निघालेलं तेल पांढऱ्या भांड्यात घ्या आणि फोटो इथे टाका. काळं आणि जळका वास असेल तर घाबरू नका, बहुतेकदा तसंच निघतं. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. तुम्ही कोल्हापूरचे, गाडी 2019 किंवा 2021 च्या पाण्यात उभी होती का तेही सांगा. गरम डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडालं की हवेच्या नळीतून पाणी आत ओढतं. खालच्या प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप दिसेल, तो चालतो. पण बोटात चोळल्यावर कण टोचले तर तुमच्या गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं असू शकतं, तेव्हा बोलू. तोवर बुधवारचा ॲडव्हान्स देऊ नका.