कात अडकली तर ओढू नका

प्रश्न : ताई, माझ्याकडे बॉल पायथन जातीच्या अजगराची चार वर्षांची मादी आहे. आजवर तिची कात मोज्यासारखी अखंड निघायची. या वेळी तुकडे पडले. पाठीवर कागदासारखे पापुद्रे चिकटले आहेत, शेपटीच्या टोकाला एक कडं राहिलंय आणि उजवा डोळा डाव्यापेक्षा निस्तेज दिसतो. आज चौथा दिवस. एरवी ती अगदी शांत असते, पण काल पाठीला हात लावला तर अंग आखडून फुसकारली. चिमट्याने हळूच सोलून काढू का? डोळ्यावरचं काढायला चिकटपट्टी वापरतात असं ऐकलंय. आणि तेल लावलं तर चालेल का?

उत्तर : चिमटा आधी खणात ठेवा, चिकटपट्टीही ठेवा, मग पुढचं वाचा. पाठीवरचं आपण काढू, शेपटीचं आजच बघू. डोळ्याला मात्र तुम्ही हात लावायचा नाही.

हे इतक्या ठामपणे सांगते, कारण मी ते करून बसले आहे. माझ्या पहिल्या कॉर्न स्नेकच्या डाव्या डोळ्यावर अशीच कात राहिली होती. कडेला सुटलेलं टोक दिसलं, मी ते चिमट्यात धरलं आणि ओढलं. जुन्या थराबरोबर खालचं जिवंत खवलंही आलं. सापाला पापण्या नसतात. बुबुळावर एक पारदर्शक खवलं असतं, तेच डोळ्याचं सगळं संरक्षण. कात टाकताना त्या खवल्याचा फक्त वरचा थर निघायचा असतो. जुना थर कुठे संपतो आणि नवा कुठे सुरू होतो, ते आपल्या नजरेला कळत नाही. त्याचा डोळा उघडा पडला, सुकला, त्यात पू झाला आणि शेवटी डॉक्टरांना तो काढावा लागला. पुढे सात वर्षं तो एका डोळ्यावर जगला. डावीकडून हात आला की दचकायचा, म्हणून मी त्याच्याजवळ कायम उजवीकडून जायचे.

आता आधी एक खात्री करून घ्या. टाकलेल्या कातीचे तुकडे अजून असतील, तर डोक्याचा भाग शोधा, पाण्यात भिजवून अलगद उलगडा आणि उजेडाला धरा. डोळ्यांच्या जागी कॉन्टॅक्ट लेन्ससारख्या दोन गोल चकत्या दिसायला हव्यात. दोन्ही असतील तर डोळ्यावर या वेळची कात अडकलेलीच नाही. मग तो निस्तेजपणा कशामुळे आहे, ते सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांनीच पाहायला हवं. उजवी चकती नसेल तर पेटीतला दमटपणा वाढवा आणि पुढच्या कातीची वाट पाहा. पुष्कळदा तेव्हा दोन्ही थर बरोबर निघून येतात. तेव्हाही नाही निघाला, किंवा मधल्या काळात डोळा सुजला, पाणावला, तर डॉक्टर.

आता पाठ. तिने दोन दिवसांत खाल्लं असेल तर थांबा. पोटात भक्ष्य असताना साप हाताळला तर तो ते ओकून टाकू शकतो, आणि ते त्याला फार जड जातं. पोट रिकामं असेल तर झाकणाला भोकं असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्या. तो फक्त सापासाठीच ठेवा, स्वयंपाकघरातली भांडी किंवा सिंक यासाठी वापरू नका. पाणी तिच्या अंगाच्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे डोकं टेकवलं तरी नाकपुड्या वर राहतील इतकं. पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस हवं, आणि ते थर्मामीटरने मोजा. आपल्या हाताची कातडी साधारण ३३ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे २९ अंशांचं पाणी आपल्याला थोडं गारच लागतं. मग माणूस त्यात गरम पाणी ओतत जातो. हाताला छान कोमट लागलं, म्हणजे सापासाठी ते जास्त झालं. वीसेक मिनिटं, फार तर अर्धा तास. तेवढा वेळ तिथेच बसा. थकलेला किंवा आजारी साप उथळ पाण्यातही बुडू शकतो.

बाहेर काढताना वरून झडप घालू नका, वरून येणारा हात सापाला शिकाऱ्यासारखा वाटतो. बाजूने जा, एक हात मधल्या जाड भागाखाली, दुसरा शेपटीकडच्या भागाखाली. मान धरायची नाही. बॉल पायथन घाबरली की डोकं आत घेऊन गोळा होते. अशा वेळी तिला उलगडायला जाऊ नका. गोळ्यासकट हातावर घेऊन बसा, ती आपणहून सुटते. कालचं फुसकारणंही मनाला लावून घेऊ नका. जिथून कात अर्धवट निघाली आहे तिथली कातडी नवी आणि हुळहुळी असते, तिथे बोट लागलं की तिला ते सोसत नाही. (तुमची मध्यम आकाराची जात आहे म्हणून एकट्याला जमेल. दोन मीटरच्या पुढचा अजगर असेल तर दुसरं माणूस हाताशी असल्याशिवाय पेटी उघडू नये. आणि विषारी साप असेल तर हे घरी करायचं कामच नाही.)

मग जाडसर, खरखरीत टॉवेल त्याच पाण्यात भिजवून पिळा आणि दोन्ही हातांत त्याचं सैल बोगद्यासारखं वेटोळं करा. तिला त्यातून पुढे जाऊ द्या. ती जाते, तुम्ही फक्त टॉवेल धरून राहता. रानात साप दगडात, मुळांत अंग घासून कात सोडवतो. इथे ती खरखरीत जागा तुम्ही व्हायचं. दिशा कायम डोक्याकडून शेपटीकडे, कारण खवल्यांची टोकं मागे वळलेली असतात, उलट घासलं तर ती उचकटतात. भिजलेले पापुद्रे टॉवेलला लागून येतील. एखादा तुकडा निघत नसेल तर तो आज निघायचा नाही. तिला पेटीत सोडा, उद्या पुन्हा भिजवा. रोज थोडं केलं तर तीन-चार दिवसांत पाठ स्वच्छ होते. तेल लावू नका. त्याने कातीत पाणी मुरायला मदत होत नाही, वर खवल्यांच्या फटींत घाण धरते.

शेपटीचं कडं मला पाठीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. ते सुकलं की आवळतं आणि पुढच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटतो. दर कातीला असं एक कडं साचत गेलं तर टोक काळं पडून झडतं. ओल्या कापसात शेपटी दहा मिनिटं गुंडाळून ठेवा, मग अंगठा आणि तर्जनीमध्ये कापसासकट हलकेच गोल फिरवा, टोकाच्या दिशेने. टोक काळपट, कडक किंवा सुजलेलं दिसलं तर घरचे प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे न्या.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला सगळ्यात आधी तुमचा हायग्रोमीटर, म्हणजे पेटीतला दमटपणा मोजणारा मापक, पाहायला आवडला असता. तो बहुधा जाळीच्या झाकणाशी टांगलेला असतो आणि साप खाली राहतो. तो खाली, तिच्या लपणाजवळ ठेवा. बॉल पायथनला एरवी ५५ ते ६० टक्के आर्द्रता लागते, कात यायच्या सुमारास ६५ ते ७०. एका लपणात ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) भरून ठेवा. सगळी पेटी चिखल करू नका, सतत ओल्या तळावर राहिली तर पोटाखाली फोड येतात. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी काळे ठिपके दिसतात का, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीखालच्या घडीत काही हलतं का, तेही पाहा. ते माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे. त्यांच्यामुळेही कात तुकड्यांत निघते, आणि मग कितीही भिजवलं तरी पुढच्या वेळी तेच होतं. दमटपणा नीट करूनही पुढची कात अशीच आली तर आतला आजार शोधायला हवा.

काम झालं की साबणाने हात धुवा, डबाही धुवा. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू येतो. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला या कामाच्या जवळ येऊ देऊ नका.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्या कॉर्न स्नेकचे डोळे दोन दिवसांपासून निळसर दुधाळ झालेत आणि त्याने उंदीर खाल्ला नाही. कात अडकू नये म्हणून मी त्याला आत्ताच पाण्यात भिजवू का?

उत्तर : नको. तू लक्ष ठेवून आहेस, हे मला फार आवडलं. पण या वेळी त्याला त्याच्या जागी राहू दे. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये आता द्रव भरलाय, त्यानेच डोळे दुधाळ दिसतात. त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो दचकेल, तुला चावूही शकेल. आत्ता कातडी घासली किंवा सोलली तर खालची कच्ची कातडी उघडी पडेल. पेटीत ओल्या मॉसचा डबा ठेव, पाणी ताजं ठेव, खाणं देऊ नको.

काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतील. तेव्हा कात राहून गेली असं वाटून घाबरू नकोस, ती त्यानंतरच निघते. नाकाशी सुटलेली कड दिसली तरी ओढू नको. कात मिळाली की सुकायच्या आत उलगड, दोन्ही डोळ्यांच्या चकत्या मोज आणि शेपटीचं टोक आलंय का ते बघ.