मुंबई–लंडन: किलोमीटर मोजा, पण घड्याळ सांभाळा

मुंबईहून लंडनला थेट विमानाने किती वेळ लागतो, याचा अंदाज काढायला सुरुवातीला एवढंच पुरे. सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढू नका. पृथ्वीच्या गोलाईवरून मुंबई ते लंडनचं हीथ्रो विमानतळ साधारण ७,२०० किमी भरतं. त्याला विमानाच्या ताशी ८७५ किमी वेगाने भागलं की सव्वाआठ तास येतात, आणि नवखे नेमके इथेच थांबतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढ-उतार आणि वळसे धरून अर्धा-पाऊण तास वाढवा. शिवाय वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे जाताना वेळ जास्त लागतो, येताना कमी.

सर्वात मोठी चूक वेळापत्रक वाचताना होते. दोन्ही वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक असतात. समजा, हिवाळ्यात दुपारी १ ला सुटून संध्याकाळी ५:३० ला पोचलात, तर प्रवास साडेचार तासांचा नाही. त्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांतला फरक, ५:३० तास, मिळवा, म्हणजे १० तास. परतीला तेवढेच वजा करा.

मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हाच फरक ४:३० तास असतो. भारतातलं घड्याळ हलत नाही, ब्रिटनचं हलतं!

थांब्याच्या विमानांचं गणित सध्या राहू द्या.