मायक्रोआरएनए मेंदूच्या पेशींना सुजेपासून कसं वाचवतात?

फोंड्याच्या ताई, आईंच्या स्ट्रोकनंतर डॉक्टर सुजेबद्दल बोलले आणि तुम्ही मायक्रोआरएनएचं वाचलंत, म्हणून लिहितोय. हे साधारण 22 अक्षरांचे (म्हणजे रासायनिक घटकांचे) आरएनएचे बारके तुकडे, स्वतः प्रोटीन बनवत नाहीत, पण प्रोटीन कसं बनवायचं याचा निरोप नेणाऱ्या मेसेंजर आरएनएला चिकटून त्याचं प्रोटीन बनणं कमी करतात. आता इजा झाली की मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या इम्यून पेशी खवळतात, टीएनएफ, आयएल-1 असली रसायनं सोडतात आणि त्यात शेजारच्या चांगल्या पेशीपण मरतात. इथे एमआयआर-146ए नावाचा मायक्रोआरएनए येतो, तो आयरॅक1 आणि ट्रॅफ6 ही प्रोटीनं कमी करतो, म्हणजे सूज पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रोटीनपर्यंत सिग्नल कमी पोचतो, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की त्याला चालू करतो तोच एनएफ-कप्पा-बी, म्हणजे ब्रेक त्यातच बसवलेला! एमआयआर-124 मायक्रोग्लियाला शांत ठेवतो. सगळेच चांगले नसतात हां, एमआयआर-155 उलट सूज वाढवतो.

बरंचसं काम अजून उंदरांवर आणि लॅबमधल्या पेशींवर झालंय, त्यामुळे बांबोळीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि फिजिओ अजिबात सोडू नका, आणि याच्या नावाने कोणी महागडं सप्लिमेंट विकत असेल तर घेऊ नका प्लीज.